उंबऱ्यातलं पीठ

त्या दिवशी मला फक्त एक पिठाची गिरणी हलवायची होती. एवढंच काम. संध्याकाळी लवकर सुटून चामटोलीला घरी जायचं, आईच्या हातची भाकरी खायची आणि झोपायचं, असा साधा बेत होता.

उल्हासनगरातला आमच्या बाजाराचा रस्ता रुंद करायचं ठरलं, तेव्हा व्यापाऱ्यांच्या संघटनेनं एक मदत कक्ष काढला. कक्ष म्हणजे सायकलच्या दुकानाचा पोटमाळा, त्यात दोन टेबलं आणि कुरकुरणारा पंखा. कागदपत्रांचं सगळं माझ्याबरोबरची पायल बघायची. मी सामानाचा माणूस. टेम्पो ठरवायचा, हमाल गोळा करायचे, नवा गाळा उघडून द्यायचा, आणि दुकानदार रडायला लागला की त्याला बाजूला नेऊन चहा पाजायचा. पहिला रडला तो फोटोफ्रेमवाला. त्याच्याबरोबर मीही रडलो होतो. दुसऱ्याच्या वेळी डोळे भरले. नंतर नंतर मला काही वाटेनासं झालं. माणूस समोर रडतोय आणि मी टेम्पोवाल्याला फोन करून विचारतोय, पोचलास का. मला त्याची लाजही वाटत नव्हती, हे सगळ्यात वाईट.

गिरणी होती द्रौपदीबाईंची. सगळा बाजार त्यांना गिरणीवाली मावशी म्हणायचा, मीही तेच म्हणायचो. साठीच्या पुढच्या, अंगानं किडकिडीत, पापण्यांवर कायम पिठाची पूड. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. दळणाचे डबे ओळीत लावून त्या ओट्यावर बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घ्यायच्या. दुकानावर जुनी पत्र्याची पाटी होती, 'दिनानाथ पीठ गिरणी'. आत स्विचबोर्डाच्या वर हार घातलेला एक फोटो होता, पण त्याच्या काचेवर इतकं पीठ साचलेलं की आतला माणूस दिसायचा नाही.

हलवायच्या आदल्या दिवशी मी सकाळी मोजमाप घ्यायला गेलो. मावशींनी नुकतंच शटर वर केलं होतं. मी आत पाय टाकणार, तोच त्यांनी हात आडवा धरला.

"थांबा दादा. आधी बघू द्या."

उंबऱ्याच्या आतल्या बाजूला जमिनीवर पीठ पसरलेलं होतं, हातानं सारखं केलेलं. त्यात एक पाऊल उमटलं होतं. अनवाणी, पुरुषाचं, डावं. पावलाचं तोंड रस्त्याकडे होतं, आणि त्याला करंगळी नव्हती.

मावशींनी ते बघितलं, मान हलवली आणि केरसुणी घेतली. रोज देवाला फूल वाहावं इतक्या सवयीनं त्यांनी ते झाडून टाकलं.

"हे अजून इथंच हायेत," त्या म्हणाल्या.

माणूस गेला की दहाव्याच्या आदल्या रात्री दिव्याखाली पीठ पसरतात, त्यावर टोपली झाकतात आणि सकाळी कुणाचं पाऊल उमटलंय ते बघतात. पक्ष्याचं दिसलं तर पक्ष्याच्या जन्माला गेला, माणसाचं दिसलं तर माणसाच्या. आमच्याकडेही करतात, त्यात नवं काही नव्हतं. मावशींचं म्हणणं एवढंच, की त्यांच्या नवऱ्याचं त्या रात्री पाऊल उमटलं ते त्याचंच, तुटलेल्या करंगळीचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सहज पुन्हा पीठ पसरलं, तर पुन्हा तेच. तेव्हापासून त्या रोज गिरणी बंद करताना उंबऱ्यात पसाभर पीठ पसरायच्या. जागेवरून पाऊल कधी हललं नाही. कायम दारात, कायम बाहेर तोंड करून.

मला भीती वाटायला हवी होती. मी टेपनं मोटरची लांबी मोजली.

"उद्या निघताना एक काम करा," मावशी म्हणाल्या. "आमच्यात जागा बदलताना गेलेल्या माणसाला उंबऱ्यावर उभं राहून नावानं हाक मारत्यात. चला, आता तिकडं. एवढंच म्हणायचं. हाक मारंल त्याच्या मागनं माणूस येतो. न्हाय मारली तर हितंच राहतो. आन आता तर हितं डांबर पडणार."

"मग तुम्हीच मारा की."

त्यांनी जीभ चावली. "माझ्या तोंडात त्यांचं नाव येत न्हाय. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. आता उखाणा कुठला..." मग हळूच म्हणाल्या, "ते तिकडं आलं न्हाईत तर मी गिरणी लावून करू काय, दादा? कुणासाठी?"

आमची आई, कौसाबाई, बाबांना नावानं हाका मारायची, तीही शेजारच्या तीन घरांत ऐकू जाईल अशी. डोक्यावरचा पदर तिनं आजोबा गेले त्या वर्षी काढला तो पुन्हा कधी घेतला नाही. आता तर घरात गाऊन घालून, टीव्ही मोठ्यानं लावून बसते. त्यामुळे मावशींचं मला जरा हसूच आलं. पण हाक मारायला माझं काय जात होतं. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून जेसीबी रस्त्याच्या त्या टोकापासून येत होता. निम्मी दुकानं पुढून कापून निघाली होती, आतल्या भिंतींचे निळे, पोपटी, गुलाबी रंग उघडे पडले होते. एका कापलेल्या दुकानात खिळ्याला कॅलेंडर तसंच होतं. आमचं सामान टेम्पोत चढेपर्यंत ऊन उतरलं. दोन्ही दगड, मोटर, पट्टा, धान्य ओतायचं पत्र्याचं भांडं, फोटो, पाटी. गिरणी रिकामी झाली आणि एकदम मोठी दिसायला लागली.

जेसीबीवाला हॉर्न मारत होता. मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी उंबऱ्यावर उभा राहिलो, आत तोंड केलं आणि नेहमी दुकानदारांना सांगतो त्याच आवाजात म्हटलं,

"दिनानाथ... चला, आता तिकडं."

मागे मावशींचा श्वास अडकल्याचा आवाज झाला. मी वळलो. त्यांचं तोंड अर्धवट उघडं होतं, काहीतरी सांगायचं असल्यासारखं. ओठ हलले, पण शब्द बाहेर आला नाही. मग त्यांनी एकदम पदर डोक्यावरून पुढे ओढला, थेट कपाळापर्यंत. मला वाटलं, नवऱ्याचं नाव कानावर पडलं म्हणून.

तेवढ्यात वास आला. धान्य संपल्यावर गिरणी तशीच चालू राहिली की दगडावर दगड घासतो, तेव्हा येतो तो करपट वास. पण दगड तर टेम्पोत होते.

टेम्पोत पुढच्या सीटवर मी ड्रायव्हरला चिकटून बसलो, मावशी पलीकडे दाराशी. म्हटलं, मावशी, सरका इकडे, दार नीट लागत नाही. त्या सरकल्या नाहीत. दाराला अंग चोरून, खाली बघत बसल्या. आमच्या दोघांमध्ये एक माणूस आरामात बसेल एवढी जागा मोकळी होती, आणि अंबरनाथच्या बाजूचे गाळे येईपर्यंत ती तशीच राहिली.

नवे गाळे नाल्याच्या पलीकडे, एका इमारतीच्या तळमजल्यावर होते. कोरे, पांढरे, सगळे सारखे. फिटर आला, गिरणी बसली, पाटी लागली. दोन दिवसांनी सकाळी मी शटरचं कुलूप बदलायला गेलो तेव्हा मावशी बाहेर फुटपाथवर बसल्या होत्या. आत गेल्या नव्हत्या.

"आले का?" मी विचारलं.

"बघा तुम्हीच..."

उंबऱ्यातलं पीठ जसंच्या तसं होतं. पाऊल तिथं नव्हतं. ते आत होतं, पार दगडापाशी, जिथं जमिनीवर उडालेल्या पिठाचा पातळ थर होता. एक नव्हे, पुष्कळ. दगडाभोवती कुणी येरझाऱ्या घातल्यासारखी. रुंद टाच, जड पाय. मी वाकून बघितलं. पाचही बोटं होती.

मी मावशींकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. डोक्यावर पदर होता.

तिथून पुढे त्यांचा पदर खाली आला नाही. फिरकी घेणं बंद झालं. ओट्यावर बसायच्या त्या, आता खाली भिंतीला टेकून बसायला लागल्या आणि गिऱ्हाइकाशी इतक्या हळू बोलायच्या की माणसाला कान पुढे करावा लागायचा. जुनी गिऱ्हाइकं मी स्वतः सांगून सांगून आणली होती. ती दोनदा आली आणि कुरकुरायला लागली. पीठ करपट लागतं, पोळी कडू होते. फिटरनं छिन्नीनं दगडांना पुन्हा टाकी लावली, पट्टा बदलला, काही फरक नाही. डब्यांची ओळ रोज आखूड होत गेली. बंद पडलेला गाळा परत घ्यायचा, असा नियमच होता. मी हे सगळं बघत होतो आणि आमच्या मिटिंगमध्ये सांगत होतो, गिरणी स्थलांतरित, काम पूर्ण.

एक दिवस संघटनेचे अध्यक्ष मुकेशशेठ पोटमाळ्यावर आले. सिंधी माणूस, कापडाचा धंदा, बाजारातल्या सगळ्या घराण्यांची कुंडली पाठ. मी सहज म्हटलं, दिनानाथची बायको खचलीय बघा.

"दिनानाथची कुठली बायको?" मुकेशशेठ म्हणाले. "अरे साईं, दिनानाथनं शादीच नाही केली. द्रौपदी तर सोमाची घरवाली. दिनानाथ म्हणजे सोमाचा बडा भाई. गिरणी त्याची ना, म्हणून बोर्डवर नाव."

मी चहाचा पेला खाली ठेवला.

"फार कडक आदमी," मुकेशशेठ सांगत होते. "दोघांचं रोजचं भांडण. एकदा टाकी लावताना दोघांनी दगड उचलून धरला होता, दिनानाथनं आपली बाजू सोडली सोमाच्या पायावर. जानबूझके. करंगळी गेली सोमाची. आणि मग दिनानाथ गेला तो पट्ट्यात. गळ्यातलं उपरणं अडकलं. सोमा तिथंच उभा, बटन हाताजवळ. लोक बोलतात, बंद करायला त्याला वेळ लागला... छोडो. पण पाटी बदलायची हिंमत नाही झाली त्याची, मरेपर्यंत."

मुकेशशेठ गेले. मी पंख्याकडे बघत बसलो. इतकी वर्षं ते पाऊल दारात का उभं राहायचं, हे मला तेव्हा कळलं. तो कुठं निघाला नव्हता. थोरल्या भावाला आत येऊ देत नव्हता. आणि मी त्याच उंबऱ्यावर उभं राहून त्या भावालाच नावानं बोलावलं होतं.

मी तसाच उठून नाल्यापलीकडे गेलो. मावशींना गाळ्याबाहेर बोलावलं.

"मावशी, तेव्हाच सांगायचं ना मला. नाव चुकलं म्हणून."

"कसं सांगू दादा?" त्या पुटपुटल्या. "सांगायचं तर ह्यांचं नाव घ्यावं लागलं असतं. लई जोर केला. जीभच उचलंना. आन थोरल्यांचं... त्यांच्यासमोर तर मी कधी मान वर करून उभी राहिले न्हाय. मरताना सुद्धा." त्यांनी आत नजर टाकली आणि लगेच खाली घेतली. "ह्यांना मी तिकडं टाकून आले हो. डांबराखाली."

त्यांचा आवाज फुटला. त्या वेळी माझ्या छातीत काहीतरी हललं, असं खोटं सांगणार नाही. मी फक्त म्हटलं, "चला. आत्ता जाऊ. मी मारतो सोमाच्या नावानं हाक."

तिन्हीसांजेला आम्ही बाजारात पोचलो. रस्ता ओळखू येत नव्हता. रुंद, काळा, मधोमध पांढरे पट्टे, आणि दोन्ही बाजूंनी गाड्यांचा पूर. गिरणी कुठं होती ते ओळखायला समोरचा विजेचा खांब तेवढा उरला होता. मावशींनी खांबापासून अंदाज घेतला आणि सरळ रस्त्यात चालत गेल्या. मी हात दाखवून गाड्या थोपवत मागे. एका पट्ट्यावर त्या थांबल्या.

मी तोंड उघडलं. त्यांनी माझा हात धरला.

"तुम्ही नको. हाक मारंल त्याच्या मागनं येत्यात. मलाच मारू द्या."

त्यांनी डोळे मिटले. रिक्षावाले शिव्या देत बाजूनं जात होते. मग त्या म्हणाल्या, अगदी स्पष्ट,

"सोमा..."

आणि थोडं थांबून, "चला. घरी चला."

काही झालं नाही. वारा सुटला नाही, दिवे गेले नाहीत. आम्ही कडेला आलो आणि अंबरनाथच्या रिक्षात बसलो. मावशी मधे बसल्या आणि उजव्या अंगाला थोडी जागा सोडली. वाटेत हळू आवाजात कुणालातरी सांगत होत्या, की नव्या गाळ्यात नळाला पाणी दुपारी येतं.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर उंबऱ्याच्या बाहेर, फुटपाथवर, पिठाचं पाऊल होतं. करंगळी नसलेलं. तोंड आत. आतमध्ये दगडाभोवती त्या जड पावलांच्या येरझाऱ्या.

"थोरले आत असताना हे कसे येतील," मावशी म्हणाल्या. त्या फुटपाथवरच्या पावलाशेजारी बसून राहिल्या. मी चहा आणून दिला. बाकी माझ्याकडे करण्यासारखं काही नव्हतं.

त्याच्या पुढच्या दिवशी गाळ्याच्या वळणावरच मला पिठाचा वास आला. गरम, गोडसर, जुना वास. गिरणी चालू होती. मावशी ओट्यावर बसल्या होत्या, एक पाय हलवत. पदर खांद्यावर होता आणि केस पिठानं पांढरे झाले होते. उंबऱ्याच्या आत, नीट सारख्या केलेल्या पिठात, ते डावं पाऊल होतं, बाहेर तोंड करून. दगडाभोवतीची जमीन स्वच्छ होती.

"थोरले?" मी विचारलं.

"गेले."

"कसे काय?"

त्यांनी दळणाचा डबा पुढे ओढला. बराच वेळ त्याचं झाकण लावत राहिल्या.

"बोलले त्यांच्याशी. जल्मात पहिल्यांदा. पदर खोचला आन तोंडावर बोलले." त्यांनी झाकण पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. "म्हटलं, तुम्हांला हाक मी मारली न्हाय. ह्यांनी बी मारली न्हाय. ज्यांनी मारली... त्यांच्याकडं जावा."

गिरणीच्या आवाजात मला वाटलं, मी नीट ऐकलं नसेल. पण मी ऐकलं होतं. मावशींनी एक पिशवी उचलून माझ्या हातात दिली. ज्वारीचं पीठ, अजून ऊन होतं.

"आईला द्या," त्या म्हणाल्या. माझ्या डोळ्यांकडे त्यांनी बघितलं नाही.

मी दिवसभर काम केलं. एका चपलांच्या दुकानाचं सामान हलवलं. दुकानदार रडला, त्याला चहा पाजला. मला आत काहीच वाटत नव्हतं, आणि मी मुद्दाम वाटून घ्यायचा प्रयत्नही करत होतो, दुखऱ्या दाताला जीभ लावून बघतात तसा.

बदलापूर स्टेशनबाहेर चामटोलीच्या शेअर रिक्षात बसलो. मागे तिघांची सीट. एक बाई कडेला येऊन बसली, मी दुसऱ्या कडेला. रिक्षा भरल्याशिवाय हा माणूस कधी हलत नाही. त्या दिवशी त्यानं मागे वळून बघितलं, म्हणाला, "झाले तिघं," आणि किक मारली.

पिशवी मांडीवर घेऊन बसलो. पीठ आता गार झालं होतं.

घराचं दार उघडंच होतं. टीव्ही बंद होता. आई ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून भाकरी थापत होती. तिनं साडी नेसली होती. घरात करपट वास होता, आणि तव्यावर अजून काहीच टाकलेलं नव्हतं.

"आई," मी म्हटलं, "डोक्यावर पदर कशाला घेतलायस?"

तिनं मान वळवली नाही.

"काय माहीत," ती म्हणाली. "मघापासून उघड्या डोक्यानं वावरवंना..." मग तिनं पदर आणखी थोडा पुढे ओढला. "आणि हळू बोल जरा."